गॉगलची दोरी पुन्हा पुन्हा निसटते? गाठ बदलण्याआधी हे तपासा

जहाजावरच्या दोरांच्या धाटणीची, हाताने गुंफलेली गॉगलची दोरी नवी असते तोवर झकास बसते. मग कधीतरी बुटाची लेस बांधायला वाकलं की एका बाजूचा फास काडीवरून सुटतो आणि गॉगल एका कानावर लोंबकळतो. आपण फास ओढून घट्ट करतो. चार-आठ दिवस बरे जातात, पुन्हा तेच. दोन-तीनदा असं झालं की माणूस नवी, आणखी भक्कम गाठ शोधायला लागतो. गल्लत इथेच होते.

बोलाइन, काऊ हिच, फिशरमन्स नॉट या गाठी शिडाच्या जहाजांवर रुळल्या त्या भार पेलण्यासाठी. दोराला ताण आला की वेढे एकमेकांवर दाबले जातात. जितकी ओढ जास्त, तितकी पकड घट्ट. आता गॉगलकडे बघा. बहुतेक गॉगल 25 ते 35 ग्रॅमचे. दोरी मात्र बऱ्याचदा 550 पॅराकॉर्ड, म्हणजे साधारण 4 मिलिमीटर जाड, आत सात पदरांचा गाभा, आणि तुटायला 550 पौंड, सुमारे 250 किलो भार लागणारी. त्या दोरीला गॉगलचं वजन जाणवतच नाही. वर चालताना प्रत्येक पावलाला हलका झटका, मग सैल, परत झटका, परत सैल. गाठ घट्ट व्हायला हवा असतो सलग ताण, आणि तिच्या वाट्याला येतात फक्त हेलकावे. अशा वापरात बहुतेक गाठी हळूहळू सैल होतात. म्हणून या दोरीत पकड ताणातून येईल या भरवशावर राहायचं नाही, ती आधीच भरून ठेवायची. खालचे सगळे उपाय याच एका गोष्टीचे आहेत.

आधी नेमकं काय सरकतंय ते बघा

दोरीत सरकण्याच्या जागा तीन: काडीवरचा फास, फास बांधणारी गाठ, आणि मानेमागचा सरकता मणी. तिन्हींचा त्रास वरून सारखाच दिसतो, गॉगल सैल झाला एवढंच कळतं. उपाय मात्र वेगवेगळे आहेत, त्यामुळे अंदाजाने हात घालू नका.

फास जिथे संपतो तिथे काडीवर कागदी चिकटपट्टीची अरुंद फीत लावा, फासाच्या कडेला अगदी टेकून. मग पेनाने गाठीवरून एक सरळ रेघ ओढा, अशी की ती गाठीच्या वेढ्यांवरून जाऊन पुढे मोकळ्या दोरीवरही उतरेल. मण्याच्या कडेलाही दोरीवर एक ठिपका द्या. दोरी रंगीत असेल तर पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घाला. दिवसभर गॉगल नेहमीसारखा वापरा आणि संध्याकाळी बघा. फीत आणि फास यांच्यात फट पडली आणि गाठीवरची रेघ जुळलेलीच आहे, तर पकड गेली. रेघ मोडली, वेढ्यांवरचे तुकडे इकडे-तिकडे झाले, तर गाठ सैल. ठिपका मण्यापासून लांब गेला, तर मणी. दोन गोष्टी एकदम दिसल्या तर काडीकडून सुरुवात करा, कारण तिथला झोल पुढे गाठीला आणि मण्याला हलवत राहतो.

फास काडीवरून घसरतो

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या. कारणंही एकापेक्षा जास्त, आणि ती एकत्र येतात.

पहिलं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे तेल. काडी उन्हाच्या दिशेने तिरकी धरली की कानामागच्या भागावर एक चकचकीत पट्टा दिसतो. ते घाम, त्वचेचं तेल आणि सनस्क्रीन. तोच थर फासाच्या आतल्या बाजूलाही असतो, आणि दोरीच्या धाग्यांत मुरलेला असतो. नुसती काडी पुसली की दोन दिवस फास बसतो आणि मग धाग्यांतलं तेल पुन्हा काडीवर उतरतं. ‘घट्ट केलं तरी परत सैल होतं’ याचं गुपित बऱ्याचदा एवढंच असतं. दोरी काढून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून भिजवा, फास बोटांनी चुरा, साबण पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्याने धुवा. काडीही साबणाने धुवा. कपडे मऊ करणारं सॉफ्टनर चुकूनही वापरू नका. त्याचं कामच मुळी धाग्यांवर निसरडा थर देणं हे आहे. दोरी कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकून धुणाऱ्यांची निम्मी तक्रार सॉफ्टनर बंद केलं की मिटते, असं माझं मत आहे.

दुसरं कारण दोरीच्या पोटात आहे. पुष्कळ कारागीर पॅराकॉर्डचा गाभा काढून नुसतं पोकळ आवरण टोकाला ठेवतात आणि काडी त्यात घालायला सांगतात. दिसायला हा प्रकार सगळ्यात सुबक. पोकळ विणीचा गुण असा की लांबीत ओढली की ती बारीक होते आणि आतल्या वस्तूला आवळते. पण उलटंही तितकंच खरं: लांबीत ढकलली की ती फुगते. शर्टाची कॉलर, केस किंवा जॅकेटची टोपी दोरीला मागून काडीच्या दिशेने ढकलत राहते. प्रत्येक ढकलण्याला वीण फुगते, पकड सुटते, काडी एखादा मिलिमीटर बाहेर येते. इथे दोरी आवळण्यापेक्षा आवरणाच्या तोंडाशी मेणाच्या दोऱ्याचे आठ-दहा घट्ट वेढे द्या, म्हणजे वीण फुगायला जागा राहत नाही. वेढे काडीवर देऊ नका. काडीपेक्षा किंचित बारीक असलेल्या धातूच्या सळीवर आवरण चढवा, वेढे तिथे द्या, मग सळी काढून काडी घाला. काडी आत जाताना जरा जोर लावावा लागला तर माप बरोबर.

तिसरं, फास काडीच्या जाडीशी जुळत नाही. धातूच्या काडीची तार दीड-दोन मिलिमीटरची असू शकते, ॲसिटेट या प्लास्टिकची काडी चार-पाच मिलिमीटर जाड आणि वर चपटी. गोल फास चपट्या काडीवर दोनच ठिकाणी टेकतो. अशा वेळी आत सिलिकॉनच्या नळीचा तुकडा घालणं उत्तम. नळीचा आतला व्यास काडीच्या जाडीपेक्षा पाव भागाने कमी घ्या. लांबी 15 ते 20 मिलिमीटर पुरे. नळीचं दुसरं टोक दोरीच्या आवरणात घालून बाहेरून मेणाच्या दोऱ्याने बांधा आणि सुईने दोन टाके आरपार घ्या, नाहीतर नळी काडीवर राहील आणि दोरी हातात येईल. नैसर्गिक रबराची नळी स्वस्त आणि जास्त चिकट वाटते खरी, पण तेलाने फुगते आणि उन्हात चिरा पडून ठिसूळ होते. सिलिकॉनला ऊन फारसं बाधत नाही. मऊ पीव्हीसी नळी मी टाळतो. तिच्यातलं मऊपणा देणारं द्रव्य काळाने बाहेर येतं आणि काही प्लास्टिकच्या काड्यांवर चिकट डाग पाडतं.

उष्णतेने आकसणारी नळी वापरायची असेल तर एक पथ्य आहे: ती काडीवर चढवून कधीही तापवू नका. तिला आकसायला साधारण 90 ते 120 अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्यात ॲसिटेट मऊ पडून वाकतं, आणि लेन्सवरच्या लेपाला बारीक तडे जातात. हेही काम सळीवरच करायचं. आतून गोंद असलेली नळी तर इथे नकोच.

आणि एक सवय. गॉगल डोक्यावर चढवताना मागच्या दोरीला धरून ओढणं. ओढ काडीच्या सरळ रेषेत येते आणि फास टोकाकडे सरकतो. फ्रेम धरून वर न्या. सवयच गेली नाही तर वरची सगळी मेहनत महिन्याभरात निम्मी होते.

गाठ उकलते

इथे नायलॉन आणि पॉलिएस्टर यांतला फरक कळला तर अर्धं काम झालं. नायलॉन पूर्ण भिजल्यावर स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी धरतं, थोडं लांबतं, आणि वाळलं की परत आखडतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. म्हणजे घामाच्या किंवा समुद्राच्या प्रत्येक फेरीत नायलॉनच्या गाठीचा आकार बदलतो आणि प्रत्येक बदलाला वेढे थोडे मोकळे होतात. पॅराकॉर्ड बहुतेक वेळा नायलॉनची असते. ती विणायच्या आधी गरम पाण्यात भिजवून पूर्ण वाळवली तर जे आखडायचं ते आधीच आखडतं. हे न करता विणलेली दोरी पहिल्या आंघोळीनंतर वेडीवाकडी झालेली तुम्ही पाहिली असेल. नवीन दोरी बनवत असाल आणि समुद्रावर वापरणार असाल तर मी सरळ पॉलिएस्टर घेईन. उन्हातही ती नायलॉनपेक्षा जास्त टिकते. हातात घेतल्यावर जरा कडक वाटते, पण तेवढं चालतं. डायनीमासारखी पॉलिथिलीनची दोरी ताकदीला जबरदस्त, पण इतकी गुळगुळीत की साधी गाठ तिच्यात टिकतच नाही. गॉगलला तिची काही गरज नाही.

असलेली गाठ वाचवायची असेल तर ती पूर्ण सोडू नका. दोरी ओली करा, गाठीतला प्रत्येक पदर एकेक करून ओढा, पक्कडीने दोन्ही बाजूंचं टोक ताणून गाठ बसवा. मग वाळू द्या आणि परत एकदा ओढा. एवढा ताण तिला वापरात कधीच मिळणार नव्हता, तो आपण एकदाच देतो. त्यानंतर गाठीच्या पोटातून सुईने जुळत्या रंगाच्या पॉलिएस्टर दोऱ्याचे तीन-चार टाके घ्या. दिसतही नाहीत. फासासाठी डबल फिशरमन्स बांधली असेल तर टाक्यांची गरज सहसा पडत नाही. नुसती ओव्हरहँड, म्हणजे साधी एकेरी गाठ असेल तर पडतेच.

झटपट सुकणारा गोंद गाठीवर टाकायचा मोह सगळ्यांना होतो. गाठ दगडासारखी होते, आणि मग गाठीच्या अगदी कडेला, जिथे कडक भाग संपून मऊ दोरी सुरू होते, तिथे धागे वाकून वाकून तुटतात. शिवाय त्या गोंदाची वाफ जवळच्या लेन्सवर पांढरट धुकं सोडते. लावायचाच असेल तर दोरी गॉगलपासून वेगळी करून, लवचीक राहणारा गोंद, तोही सुईच्या टोकावरच्या थेंबाएवढा.

मागचा मणी जागेवर राहत नाही

टर्क्स हेडचा गुंफलेला मणी दोन्ही दोऱ्यांवर बसून सरकतो आणि दोरी आखूड-लांब होते. तो सुंदर दिसतो म्हणून बहुतेक जण ही दोरी घेतात. मणी सैल झाला की ओढायला मोकळं टोकच सापडत नाही, आणि लोक निराश होतात. खरं तर त्याला घट्ट करण्याची पद्धत सरळ आहे, फक्त संयम लागतो. टोकदार आरी किंवा जाड बोथट सुई घ्या. मण्याच्या आत लपलेलं एक टोक शोधा. तिथून पुढचा वेढा आरीने थोडा वर उचला, सैलपणा बाहेर काढा, तो पुढच्या वळणावर ढकला, मग पुढच्या. असा सगळा झोल फिरवत फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत आणायचा आणि तिथे ओढून घ्यायचा. एकाच फेरीत जोरात आवळलं तर एक बाजू दबते आणि मणी तिरका होतो. दोन फेऱ्यांत, दर वेढ्याला थोडं थोडं. शेवटी उरलेलं टोक कापायच्या आधी मणी दोरीवर चालवून बघा: बोटांनी ढकलला तर सरकायला हवा, दोरी उभी धरून हलवली तर जागचा हलता कामा नये.

मणी सुती दोरीचा असेल तर आणखी सोपं. सुती दोरी भिजली की धागे फुगतात आणि लांबी आखडते. गरम पाण्यात बुडवून सावलीत वाळवला की मणी स्वतःच आवळतो. नवी सुती दोरी असेल तर याचा परिणाम छान दिसतो, आधी धुतलेली असेल तर कमी. गडद रंगाची सुती दोरी पहिल्यांदा वेगळ्या भांड्यातच भिजवा, रंग सोडते. पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांच्या दोरीत निळा पांढऱ्यात उतरला की तो परत निघत नाही.

टोकं पिंजतात

नायलॉन आणि पॉलिएस्टरचं टोक लायटरने वितळवून बंद करतात. ठीक आहे, पण तो वितळलेला गोळा कडक असतो, वापरात तडकतो आणि तिथूनच पदर सुटतात. त्याची धार काडीवर ओरखडेही पाडते आणि मानेला टोचते. वितळवण्याबरोबर दोऱ्याची बांधणी हवी, निदान दोरीच्या जाडीच्या दीडपट लांब. नुसते वेढे देऊन केलेली साधी बांधणी दोरी वाळून बारीक झाली की टोपीसारखी निघून येते. सुई दोरीतून आरपार काढून वेढ्यांवरून तिरके टाके घेतले तर ती निघत नाही. शीड शिवणारे कारागीर असंच करत आले आहेत. सुती दोरी वितळत नाही, जळते, तिथे हाच एक मार्ग.

‘तरंगणारी’ दोरी बुडते

हा त्रास निसटण्यातूनच उघडकीला येतो, म्हणून इथे. साधा हिशोब करा. 30 ग्रॅमचा, पूर्ण पॉलिकार्बोनेटचा गॉगल धरा. पॉलिकार्बोनेटची घनता 1.2, म्हणजे आकारमान 25 घन सेंटिमीटर. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025, तेव्हा तेवढं पाणी 25.6 ग्रॅम. पाण्यातलं निव्वळ वजन उरलं साडेचार ग्रॅमच्या आत. दोरी 10 ग्रॅमची पॉलिएस्टर असेल तर तिची आणखी अडीच ग्रॅम. एकूण सात. कॉर्कची घनता 0.2 धरली तर 25 मिलिमीटर व्यासाचा एक गोळा पावणेसात ग्रॅम उचलतो, आणि त्याला भोक पाडलं की त्याहून कमी. तेव्हा दोन गोळे लावा.

आता त्याच दोरीवर 8 ग्रॅमचा पितळी नांगर लटकवा. पितळ पाण्यात जेमतेम एक ग्रॅमने हलकं होतं, म्हणजे लागणारी उचल जवळपास दुप्पट झाली. नांगराचं काम नांगर करतो, त्याला काय बोलणार. लाकडी मणी हाही दिखावाच, 0.7 घनतेच्या लाकडाचा घन सेंटिमीटर एक तृतीयांश ग्रॅमसुद्धा उचलत नाही. आणि लेन्स खऱ्या काचेच्या, फ्रेम धातूची असेल, 30 ग्रॅम काच आणि 12 ग्रॅम धातू, तर पाण्यातलं वजन 28 ग्रॅमच्या आसपास जातं. त्याला किमान पाच कॉर्क लागतील. तो गॉगल बोटीवर नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

तपासणी टबातल्या साध्या पाण्यात करा. तिथे तरंगला तर समुद्रात तरंगेलच. मात्र दोरी आधी रात्रभर भिजवा आणि पाण्याखाली दाबून हवेचे बुडबुडे काढा. कोरडी नवी वीण हवा धरून ठेवते आणि पहिल्या चाचणीत सगळ्यांना पास करते.

मीठ आणि धातू

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेलं की ते धाग्यांत बसतात, दोरी कडक होते, स्फटिकांच्या कडा आतून धागे घासतात, आणि दमट हवेत तेच क्षार ओलावा ओढून दोरी कायम ओलसर ठेवतात. उपाय एकच: त्याच दिवशी गोड्या पाण्यात दहा मिनिटं भिजवणं, मग सावलीत वाळवणं. ब्लीच नको, नायलॉन त्याने कमकुवत होतं.

कड्या, हुक स्टेनलेसचे असूनही तांबूस डाग पडत असतील तर ते बहुधा 304 दर्जाचे. समुद्रासाठी 316 हवं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही. स्क्रू-बोल्टवर ए2 आणि ए4 अशा खुणा असतात, त्यातला ए4 घ्या. पितळेचा हिरवा डाग पांढऱ्या सुती दोरीवर पडला असेल तर आधी पितळ काढा, नाहीतर धुतल्यावर परत पडेल.

किती घट्ट पुरे?

फास काडीवर इतकाही पक्का बसवू नका की तो सुटणारच नाही. 250 किलो पेलणारी दोरी गळ्याभोवती आहे, हे विसरता येत नाही. ती बोटीच्या विंचमध्ये, सायकलच्या चाकात किंवा झाडाच्या फांदीत अडकली तर काडीवरचा फास सुटला पाहिजे. लहान मुलांच्या दोरीत तर हे आधी बघायचं, दिसणं नंतर. ज्यांनी फास काडीला गोंदाने चिकटवला आहे किंवा काडीत भोक पाडून बांधला आहे, त्यांनी मागे मध्यभागी झटक्याने उघडणारी प्लास्टिकची जोडणी घालावी.

मोजायची पद्धत अशी: काडी दोन बोटांत घट्ट धरा, बिजागरीवर जोर येऊ देऊ नका. दोरीला अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली लटकवा. फास जागचा हलला नाही पाहिजे. मग बाटली काढून काडीच्या रेषेत हाताने एक जोरदार हिसका द्या. फास निघून आला पाहिजे. बाटलीला निघाला तर नळी एक माप बारीक घ्या, हिसक्याला निघाला नाही तर एक माप मोठी. ही चाचणी दोरी ओली करूनही एकदा घ्या, कारण नायलॉनची दोरी कोरडी पास आणि ओली नापास होऊ शकते. दोन्ही काड्यांची वेगवेगळी घ्या, एकच बाजू नेहमी निसटत असली तरी.